घड्याळ कुणाकडून घ्यायचं

३ फेब्रुवारी, मंगळ.
गच्चीवरच्या जीपीएस अँटेनाची वायर वानरांनी तोडली. वसमत टेलिफोन एक्स्चेंजचं घड्याळ त्यावरच चालायचं, आता नांदेडच्या लाईनवर. तिकडं रस्त्याचं खोदकाम, लाईन दिवसातून दोनदा पडते, पडली की अलार्म. नवी वायर मागितली. साहेब म्हणाले, "बघू." इथं आल्यापासून बघूनच राहिलेत.

६ फेब्रु., शुक्र.
साहेबांना अलार्म नकोत, वरच्या रिपोर्टात दिसतात. म्हणे नांदेड काढा, सेनगावची लाईन पहिल्या नंबरला टाका, ती कधी पडत नाही.
म्हटलं, "सर, सेनगावचं एक्स्चेंज आपल्याकडूनच वेळ घेतं. आपण त्यांच्याकडून घेतली तर दोघं एकमेकांच्या भरवशावर चुकत जाऊ." मशीनलाही कळतं ते. सेनगावच्या सिग्नलसोबत खूणच येते, माझ्यावर घड्याळ लावू नका म्हणून.
"खूण बघायचीच नाही, अशी सेटिंग असते ना? ती करा."
लेखी द्या म्हटलं. हसले.
केली. माझ्याच हातानं. सगळे दिवे हिरवे. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, अन् हे.

११ फेब्रु., बुध.
कॉल मधेच तुटायलेत. घड्याळं सरकली की हेच होतं. हळद मार्केटातला अडत्या येऊन ओरडून गेला, "बाई, सौदा अर्ध्यात अन् आवाज गायब! कोणी बघून राहिलंय का न्हाई?" साहेब त्याला म्हणाले, हँडसेट बदला. स्क्रीनवर सगळं हिरवंच.

१२ फेब्रु., गुरु.
राहवलं न्हाई. सेनगावला विलासला फोन. तांड्यावरचा, ठेक्यावर आहे, काम मीच शिकवलं त्याला.
"आमच्याकडून वेळ घेणं बंद कर. तुझ्या मशीनच्या आतल्या घड्याळावर जा."
"साहेबाला इचारलं का, ताई?"
"मी सांगते ना तुला."
"बराबर."
पाच मिनिटांत केलं. संध्याकाळपर्यंत लाईनवरच्या चुका निम्म्यावर. पूर्ण जायला नांदेडचीच वेळ पाहिजे.

२० फेब्रु., शुक्र.
हिंगोलीच्या जिल्हा ऑफिसातून चौकशी आली. साहेबांचा कागद तयार होता: सेनगावच्या ठेका कामगारानं विनापरवानगी सेटिंग बदलली, त्यामुळं बिघाड. ६ तारखेचं नावच न्हाई. चुका वाढल्या कधी, कमी झाल्या कधी, कोणी पाहिलं न्हाई.
मग माझा जबाब. त्याला बदलायला कोणी सांगितलं, माहीत आहे का? साहेब समोरच बसलेले. "मॅडम ऑगस्टमध्ये रिटायर होतात," चौकशीवाल्यांना म्हणाले. माझ्यासाठी चहा सांगितला.
लिहिलं, माहीत नाही.
चहा प्यायलेसुद्धा.

२३ फेब्रु., सोम.
विलासला काढलं.

२५ फेब्रु., बुध.
त्याचा फोन. शिव्या देईल वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"ताई, माझं सोडा. सेनगावचं मशीन पुन्हा तुमच्यावरच लावलं का त्यायनी?"
व्हय म्हटलं.
"म्हंजे पुन्हा तेच होऊन राहिलं असंल." मग म्हणाला, "तुमचा जबाब दाखवला मला. मी तुमचं नाव घेतलं न्हाई. तुमी काहून असं लिवलं?"
त्यानं फोन ठेवला, मी कोरा कागद काढला.

२७ फेब्रु., शुक्र.
रजा टाकली. एस.टी.नं हिंगोली. दुसरा जबाब सोबत, दीड पान. ६ तारीख, साहेबांचं तोंडी सांगणं, माझा हात, विलासला केलेला फोन, सगळं.
क्लार्कनं उभ्याउभ्या वाचला. "एकाच बाईचे दोन जबाब? कोणता धरायचा ते वरचे ठरवतील."
"ठरवू द्या. पोच द्या."
"पोच आमचे साहेब आल्यावर. साहेब दौऱ्यावर आहेत."
बसते म्हटलं. बाकड्यावर बसले. साडेपाचला त्यानं माझा कागद टेबलावर तसाच ठेवला, नोंद न करता. वर पेपरवेट ठेवला अन् माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला.
उठले न्हाई.