माझ्या आरमाराची व्यवस्था

मी, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वय वर्षं बाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर काळजीचं कारण नाही म्हणाले, पण म्हणताना फाइलकडे बघत होते. म्हणून हा खटाटोप.

१. राहतं घर मुलाला. ताबा घेण्याआधी त्याने स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करावा. मी सांगून सांगून थकले.

२. दुकान, काचा घासायचं यंत्र आणि बारीक हत्यारं मुलीला. तिचा हात माझ्याहून हलका आहे. हे तोंडावर कधी बोलले नाही, डोक्यावर बसली असती.

३. मोठ्या जाऊबाईंना काहीही नाही. मी या वयात कॉम्प्युटरवर बोटी बुडवत बसते, असं त्यांनी सगळ्या नातेवाइकांत पसरवलं. मी बोटी बुडवत नाही, युद्धनौका काबीज करते.

४. आता मुख्य मिळकत. दुकानाच्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर जुन्या काळच्या शिडाच्या जहाजांचा, लढाईचा खेळ आहे. यजमान गेल्यावर मी घुमी होऊन बसले होते, तेव्हा धाकट्या दिरांनी तो आणून बसवला. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी लढतो आहोत.

शत्रू दिसला रे दिसला की भाऊजी लांबूनच सगळ्या तोफा डागून मोकळे होतात. मी वारा पाठीशी घेऊन जवळ जाते आणि आधी डोलकाठ्या पाडते. शिडं गेल्यावर जहाज पळणार कुठे? आमचा एक नियम आहे. एकाने चाल करताना दुसऱ्याने पडद्याकडे पाठ करून बसायचं. तिथे समोर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आहे. तो बघून बघून भाऊजींना पाठ झाला, आणि मी तपासलं की ते दरवेळी पास. गेल्या लढाईत त्यांनी माझं समजून स्वतःचंच मुख्य जहाज बुडवलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलीने नवा तक्ता लावून त्यांना तपासावं. चष्मा दुकानातर्फे.

एकच लढाई उरली आहे. ती जिंकले की युद्ध माझं, आणि मला ते जिंकायचं आहे. पण शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यापासून भाऊजी बंदरातून जहाजं बाहेरच काढत नाहीत. विचारलं की विषय बदलतात. मला याचा फार राग आला आहे. सबब, मी परतले नाही तर माझं सगळं आरमार भाऊजींना मिळावं आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी खेळून मला जिंकवावं.

५. हे कलम ऐन वेळी वाढवत आहे. साक्षीदार म्हणून शिंपीणबाई आणि औषधवाले आले होते. भाऊजीही होते, आणि मी चौथं कलम सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. आमच्या सूनबाई वकील. त्यांनी बजावलं की ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं त्याने साक्षीची सही करू नये, केली तर त्याचं मिळणारं रद्द होतं. ऐकताक्षणी भाऊजींनी औषधवाल्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि स्वतः सही ठोकली.

"काका, अहो, आता आरमार तुम्हाला मिळणार नाही," सूनबाई म्हणाल्या.

"नकोच आहे मला," भाऊजी म्हणाले. "वहिनी, जिंकायचं असेल तर तुम्हीच परत या. मी जहाजं घेऊन बंदराबाहेर थांबतो."

सूनबाई म्हणतात, चौथं कलम पुन्हा लिहावं लागेल. लिहीन, परत आल्यावर.

सही: दुकानाची मालकीण

साक्षीदार:
१. शेजारच्या शिंपीणबाई
२. धाकटे दीर (हट्टाने)

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शनिवार