शिगेचा तवा कोणी वापरू नये

मी, उएगाकी किनुए, कैलासवासी उएगाकी कानजी यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, धंदा अंड्याच्या सुरळ्या करून विकण्याचा, राहणार कामिग्यो, क्योतो, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. कोणी मला भरीस घातलेले नाही. सर्व मजकूर माझ्याच हाताने लिहिलेला आहे, आणि हे वाक्य मी फार विचार करून लिहिले आहे.

कलम पहिले. दुकान आणि त्यावरचे घर माझा मुलगा योशिओ याला मिळावे. मात्र त्याची मुलगी, म्हणजे माझी नात कोनात्सु, हिला खालच्या दुकानात हवी तितकी वर्षे धंदा करता यावा आणि योशिओने तिच्याकडून भाडे घेऊ नये. दुकान पाडून तिथे गाड्या उभ्या करण्याची जागा काढावी, असे योशिओ मागच्या नवीन वर्षाला बायकोशी कुजबुजत होता. मी म्हातारी झाले आहे, बहिरी नाही.

कलम दुसरे. बँकेत जे असेल त्यातून माझे क्रियाकर्म साधेपणाने करावे. उरेल ते योशिओ आणि कोनात्सु यांनी निम्मे निम्मे वाटून घ्यावे. माझा राखाडी रेशमी किमोनो कोनात्सुला मिळावा. ती तो घालणार नाही हे मला माहीत आहे, तरी मिळावा.

कलम तिसरे. शेजारची लोणचेवाली होरिकावा ताए हिला माझा मुळ्याच्या लोणच्यावर ठेवायचा दगड द्यावा. तो आपलाच आहे असे ती लग्न होऊन आल्यापासून सांगत आली आहे. तो तिचा होता हे मी अजूनही मान्य करत नाही. मी तो तिला देत आहे, परत करत नाही. हा फरक तिला नीट समजावून सांगावा.

कलम चौथे. आता तव्याबद्दल. याच्यासाठीच हा कागद लिहायला घेतला.

मी मूळची तोक्योची. आमच्याकडे तवा चौकोनी, सुरळी गोड आणि गुंडाळायची ती आपल्या अंगाकडे ओढत. लग्न करून इथे आले तर या घरात तांब्याचा लांबट तवा, अंड्यात सुक्या माशाचे सार इतके की मिश्रण पाण्यासारखे हलावे, साखरेचे नाव नाही, आणि सुरळी गुंडाळायची ती आपल्यापासून दूर, पलीकडच्या कडेकडे. माझ्या हातून ती फाटायची. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. फाटलेली सुरळी त्या माझ्या ताटात वाढायच्या आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहायच्या. तो त्यांचा बोलण्याचा प्रकार होता, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेले नाही.

तवा शिगेचा होता. शिगे ही माझ्या नवऱ्याची पहिली बायको. मी येण्याच्या आदल्या वर्षी ती तापाने गेली. रोज सकाळी पहिल्या सुरळीचा पहिला तुकडा पितरांच्या देव्हाऱ्यात तिच्या नावाच्या पाटीपुढे ठेवायचा, हा घरचा नेम होता. सासूबाई शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या, "शिगे, ये, गरम आहे." मग दुकान उघडायचे.

पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी माझे मनगट आपसूक वळले. सुरळी दूर गेली, तव्याच्या पलीकडच्या कडेला टेकली, परत आली, आणि कुठेही फाटली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. गिऱ्हाइके म्हणू लागली की चव अगदी पूर्वीसारखी झाली. सासूबाईंनी त्या दिवशी मला पहिल्यांदा चहा करून दिला, आणि कप माझ्या डाव्या हाताला ठेवला. मी उजव्या हाताची आहे. त्यांच्या ते लक्षात आले नसेल असे मी स्वतःला सांगितले.

त्याच सुमारास नवरा पडद्याआडून म्हणाला, "शिगे, मीठ कमी आहे." मी "हो" म्हटले आणि वरच्या फळीवरच्या तांदळाच्या डब्यामागून मिठाची पिशवी काढली. ती तिथे आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. नवऱ्याला आपली चूक कळली का, मी कधी विचारले नाही. पण तेव्हापासून मी शेगडीपाशी असले की तो माझ्याकडे पाठ करून बसायचा.

तव्याची लाकडी मूठ जळते, ती काही वर्षांनी बदलावी लागते. आतली कल्हईही झिजते. हे काम सुकुदा तांबटाकडे असते, आधी बापाकडे, आता मुलाकडे. थोरल्या सुकुदाने एकदा जुनी मूठ काढून हातात फिरवली आणि विचारले, "वहिनी, तुमच्या घरात डावरं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग उजव्या हातात तवा कोण धरतं? हा अंगठ्याचा खळगा बघा, कुठे पडलाय."

आम्ही सगळे तवा डाव्या हातात धरतो, सुरळी गुंडाळायच्या काड्या उजव्या हातात. खळगा पलीकडच्या बाजूला होता, जिथे माझा अंगठा पोचतच नाही. मी म्हटले, जुनी मूठ आहे, शिगे डावरी होती, तिच्या वेळची असेल. सुकुदा म्हणाला, "वहिनी, ही मीच बसवली होती. तुमच्या लग्नानंतर." पुढे जितक्या मुठी बदलल्या, तितक्यांवर तो खळगा पडत गेला.

मी हे सारे सहन केले. खरे सांगायचे तर सवय झाली. मला माझा स्वतःचा हात होता, तोक्योहून आणलेला. दुपारी दुकान बंद झाले की मी माझ्या चौकोनी तव्यात एक गोड सुरळी अंगाकडे ओढत करायची आणि उभ्या उभ्या खायची. मी अजून मीच आहे, एवढे कळायला ती पुरे व्हायची. सकाळ तिची, दुपार माझी, असे आम्ही दोघींनी दुकान चालवले. नवऱ्याच्या पश्चातही.

पण कोनात्सुला दुपार नाही. ती शाळा संपवून माझ्याकडे शिकायला आली आणि थेट शिगेच्या तव्यावर उभी राहिली. फार लवकर शिकली, मीही कौतुक केले. या उन्हाळ्यात मी भांडी पुसत होते आणि वर पाहिले, तर तिने तवा उजव्या हातात धरला होता. काड्या डाव्या हातात. जेवायला बसली तेव्हाही काड्या डाव्या हातातच होत्या. मी हटकले.

"कोनात्सु, हात का बदललास?"

"बदलला? मी पहिल्यापासून अशीच करते, आजी."

"उद्यापासून दुसरा तवा घे."

"नको ना. दुसऱ्या तव्यात माझा हात चालतच नाही. मला हाच हवा. तू मला हाच देणार ना?"

लहानपणी ती जे मागेल ते मी देत आले. त्या वेळी मात्र मी हो म्हटले नाही, कारण विचारताना तिने मान डावीकडे कलती केली होती. शिगेच्या फोटोत ती तशीच कलती आहे.

म्हणून मी आज्ञा देत आहे की तांब्याचा लांबट तवा कोनात्सुला, योशिओला किंवा अन्य कोणालाही मिळू नये. कापडात बांधून तो तांदळाच्या कपाटात ठेवला आहे. कापडावर ताज्या तेलाचे डाग दिसतील, त्याकडे लक्ष देऊ नये. माझ्या पश्चात तो सुकुदा धाकट्याने वितळवावा. मी आजच वितळव म्हणाले होते. तो म्हणाला, "तुमच्या हातात ती अजून थोडी आहे. तुम्ही आहात तोवर उपयोग नाही." त्याचे म्हणणे मला पटले, कारण हा कागद लिहितानाही मी दोनदा लेखणी डाव्या हातातून काढून घेतली आहे.

कलम पाचवे. माझा चौकोनी तवा कोनात्सुला द्यावा असे आधी लिहिले होते. ते खोडून बाजूला शिक्का मारला आहे. माझ्या हाताची गोड सुरळी माझ्यामागेही कोणीतरी करत राहावी, अशी माझी फार इच्छा होती. लिहिताना तीच इच्छा मी वाचली आणि शिगेचा तवा आठवला. दोन्ही तवे वितळवावेत.

कोनात्सुने यापुढेही दर वेळी नवाच तवा घ्यावा. जुन्या बाजारातून, कोणाचा वापरलेला, कितीही सुंदर असला तरी घेऊ नये. तांब्याचा घ्यावा, पण फार जाड नको. सकाळभर उचलायचा आहे. दुकानात डोळे मिटून धरून पाहावा. मनगट खाली ओढले गेले तर ठेवून द्यावा. कल्हई सारखी पांढरी आहे ना, कोपऱ्यात गाठ नाही ना, बोटाने बघावे. रिकामा तापवू नये, कल्हई उतरते. साबण लावू नये, तेलाच्या फडक्याने पुसावा. अंड्याचा एक थेंब काडीने टाकून पाहावा, तो हलकेच चुरचुरला की ओतावे. सुरळी अंगाकडे गुंडाळायची की दूर, हे मी सांगणार नाही.

कलम सहावे. शिगेबद्दल माझ्या मनात इतकी वर्षे राग होता. तो मी आता सोडते. आम्ही रोज तिला नावाने हाक मारली, गरम तुकडा दाखवला, आणि तो तुकडा तिच्याच तव्यात, तिच्याच हाताने करवून घेतला. तिला मेल्यावरही स्वयंपाकातून सुट्टी मिळाली नाही. याला आम्ही भक्ती म्हणत होतो. या शरदात, पितरांच्या दिवसांत, मी देव्हाऱ्यात तुकडा ठेवला नाही. एक संत्रे ठेवले आणि म्हटले, "शिगेताई, आज दुकान बंद आहे. बस." त्या सकाळी कोनात्सु तव्यासमोर खूप वेळ नुसती उभी होती. मग तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले, दुसऱ्या कोणाचा हातमोजा चुकून घातल्यासारखे, आणि तवा खाली ठेवला.

काल तिने विकत आणलेल्या नव्या तव्यात पहिली सुरळी केली. चिकटली, मधे फाटली, एका कडेला करपली. ती रडली. मी ती सगळी खाल्ली. इतक्या वर्षांत या दुकानात सकाळच्या वेळी पहिल्यांदाच कोणी आपल्या हातचे काही केले होते, आणि मी भरल्या पोटी आणखी मागितली.

कलम सातवे आणि शेवटचे. माझ्या नावाची पाटी करू नये. फोटोपुढे सुरळीचा तुकडा ठेवू नये, विशेषतः गरम. कोनात्सुला माझी आठवण आली तर तिने स्वतःच खावा. "आजी, ये" असे म्हणू नये, लाडाने किंवा रडतानाही. मी तिला ओळखते आणि स्वतःलाही ओळखते. तिने बोलावले तर मी येईन.

कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात. खालील दोघांनी मला हे लिहिताना समोर बसून पाहिले, आणि लेखणी उजव्या हातात होती याची खात्री केली.

सही व शिक्का: उएगाकी किनुए

साक्षीदार: सुकुदा इवाओ, तांबट
साक्षीदार: होरिकावा ताए, लोणच्याचे दुकान (दगड माझाच होता. — ताए)

क्योतो, कामिग्यो
रेइवा सहावे वर्ष (२०२४), ११ नोव्हेंबर