चिमूटभर लोखंडाचं कलणं

१४ नोव्हें., गुरु.
वही, माफ कर. जूनपासून एक ओळ नाही. पीएच.डी.ची शेवटची मुदतवाढ जानेवारीत संपते, आणि जे घडतच नव्हतं ते लिहायला हात उचलत नव्हता. आज घडलं.

चाकणच्या गिअर-कारखान्याची शेड. गुरुवारची सुट्टी, मशिनं गप्प, पत्र्यावर कबुतरांची पावलं. किसनराव कुलूप उघडून देतात. त्यांची मुलगी स्वाती माझ्या वर्गात होती. त्यांच्या खात्यात पितळी बुशी, म्हणजे पोकळ नळकांडी, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून आक्रसवतात, मग गिअरमध्ये बसवतात. बुधवारचं टबात उरलेलं ते माझं. कॉलेजात कुठून मिळणार.

माझी पिवळी भुकटी, लोखंडाचं संयुग, मलमलीच्या पुरचुंडीत, दोऱ्याला टांगलेली. बुडवली : तपकिरी. काढून चुंबकाशेजारी धरली : ढिम्म. मग हिरव्या दिव्याचा झोत, अर्धा मिनिट. आतून पिवळेपणा उमलत आला, आणि पुरचुंडी हळूच, झोपेत कूस बदलावी तशी, चुंबकाकडे कलली. दिवा बंद करून परत बुडवली, तरी पिवळीच. म्हणजे उबेने नव्हे. उजेडाने.

कि.राव : "म्हंजी लोखान हाय, पन गारठलं की चुंबकाला वळख देत न्हाई?"
"हो. त्यातले इलेक्ट्रॉन थंडीत जोड्या करून मिटून बसतात. उजेड त्या जोड्या सोडवतो."
"आमच्या सासऱ्यावानी. उन्हात बसवल्याबिगर बोलत न्हाईत."

मोशीला घरापर्यंत स्कूटर चालवली की तरंगत आले, आठवत नाही.

१९ नोव्हें., मंगळ.
गुरुवारी फोनवर घेतलेला व्हिडिओ विभागात दाखवला. बारा जण होते. टाळ्या. सर (माझे गाइड, मार्चमध्ये निवृत्त) एवढंच म्हणाले, "आयुष्यभर वाचलं होतं. पाहिलं आज." चष्मा पुसत होते. प्रबंधातली पहिली आकृती हीच घालायची, असं ठरलं.

येताना पुलाखालून नव्या गाड्या लादलेले ट्रेलर जात होते. या गावात सगळीकडे लोखंडच. ओतलेलं, कापलेलं, रंगवलेलं. त्यातलं चिमूटभर उजेडाचं ऐकतं, आणि ते या रस्त्यावर फक्त मला माहीत. वेड्यासारखी हसले असणार. शेजारचा स्कूटरवाला बघत होता.

२१ नोव्हें., गुरु.
तीनदा केलं. तिन्ही वेळा कलली.

निघताना कि.राव टब बाहेर नेत होते. राहिलेलं ओतून टाकायला. म्हटलं, पुढच्या खेपेला राहू द्या की.
"न्हाई म्याडम. शिळं झालं ह्ये. निळसर मारतंय बघा. निळं दिसलं की ठेवायचं न्हाई, साहेबांची ऑर्डर हाय. पेट घेतं म्हनं."

वाकून पाहिलं. निळं. फार फिकट, आळंदीला पहाटे नदीवर असतं तसं. सुंदर. दोन मिनिटं नुसती बघत राहिले, आणि मग कळलं मी काय बघतेय.

ऑक्सिजन. उघड्या टबात रात्रभर हवेतून उतरत राहतो. नायट्रोजन आधी उडतो, हा मागे राहतो. आणि द्रव ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो. दर वर्षी शिकवते मी हे. दर वर्षी!

आणि अंधारातली चाचणी? दिव्याशिवाय पुरचुंडी वर काढली, लगेच पाहिली, कलली नाही, लगेच "नाही" लिहिलं. दिव्यासाठी मात्र अर्धा मिनिट थांबत होते. तेवढ्या वेळात मलमलीतला नायट्रोजन उडून मागे नुसता ऑक्सिजन…

२४ नोव्हें., रवि.
गुरुवारपर्यंत काही करता येत नाही. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना डोळ्यांसमोर ती पुरचुंडी कूस बदलतेच आहे. खोटी असली तरी तितकीच हळुवार. मला तिच्यावर राग धरता येत नाही. घाई मी केली.

२८ नोव्हें., गुरु.
भुकटीऐवजी काचेची पूड (लोखंडाचा कण नाही), तीच मलमल, तोच दोरा. बुधवारचा टब. दिवा नाही, अर्धा मिनिट.
कलली.

कि.राव : "काचंला बी उजेड लागला का काय?"
"दिवा लावलाच नव्हता, किसनराव."
चहा पुढे करून ते : "मंग काचंचं ऱ्हाऊ द्या की. आपन दोगंच तर हाय हितं."

सरांना फोन केला. म्हणाले : "रंग बदलतो, तो टिकतो, ते खरं आहे ना? मग चुंबकाचं पान काढून टाक. कुणी विचारणार नाही, बाळ." सेहेचाळीस वर्षांच्या बाईला बाळ. दुसरा कुणी असता तर भांडले असते.

पान निघेल. पण रंग खरा असेल तर जोड्या सुटल्याच असणार, आणि जोड्या सुटल्या असतील तर तिने कललंच पाहिजे. थोडंसं. कदाचित डोळ्याला न दिसण्याइतकं. बंद काचनळी, ताजा नायट्रोजन. कि.राव म्हणतात, टाकी सोमवारी भरते, सकाळी या. सोमवारी सकाळी माझे तीन तास. जानेवारीपर्यंत सोमवार किती, ते मोजलं नाही.

२९ नोव्हें., शुक्र.
स्टाफरूममध्ये नवीन लागलेल्या सानेबाई : "मॅडम, तो व्हिडिओ द्या ना, एफ.वाय.ला दाखवते. मुलं वेडी होतील." मी म्हटलं, देते.

देते म्हटलं! सहज. तोंडातून कसं आलं?

दुपारभर खिडकीशी बसून होते. ऊन सरकत माझ्या वहीवर आलं. पान काढलं तर प्रबंध स्वच्छ राहील, आणि बारा जणांच्या डोळ्यांत मात्र ती कलतच राहील. सरांच्याही.

उद्या : बाराही जणांना पत्र, आणि सानेबाईंना. काच कलली, हे पहिल्याच ओळीत.