ड्रायसडेलसाहेबांचं नाक

४ मार्च
ड्रायसडेलसाहेबांचं नाक पडलं! वाचनालयाच्या पायरीवर. ग्रंथपालबाईंनी ते रुमालात गुंडाळून ठेवलंय.

दुरुस्ती माझ्याकडेच आली — अख्ख्या ग्लासगोत दगडात तोंडं कोरणारे उरलेत किती! दारावरचं ते तोंड मूळ बाबांचं काम. लहानपणी चर्चहून येताना आम्हाला तिथे उभं करायचे. "बघा, तुमच्या बापानं केलंय."

५ मार्च
परांचीवर चढले. नाकाच्या जागी पोपडे. हात लावला तर गालही सुटला!

वाळूच्या दगडाचे थर म्हणजे वहीची पानं. आडवे ठेवायचे, हे पहिल्या दिवशी शिकवतात. उभे ठेवून त्यांवर तोंड कोरलं की आत पाणी शिरतं आणि एकेक पान गळतं. इथले थर उभे आहेत. बाबांनी ठेवलेत! दगड चुकीचा धरला म्हणून मला सगळ्यांदेखत गाढव म्हणणाऱ्या माणसानं! फार वाईट वाटलं.

७ मार्च
दुरुस्तीवर देखरेखीला नेमलेल्या ओगिल्वीबाई म्हणाल्या, "कुणी तरी घोळ घातलाय. कोण होता तो? अहवालात नाव लागेल."
मी म्हटलं, "इथे कबुतरं फार."
महिनाअखेरीला गवंडी मंडळात बाबांचा सत्कार आहे. कोट धुवायला टाकलाय त्यांनी.

८ मार्च
पाऊस. उजवा कान गेला.

९ मार्च
बाबांकडे जेवायला. शेवटी विचारलंच.
"बाबा, थर उभे आहेत."
"आहेत." पावाला लोणी लावत होते.
"चुकून राहिलं का?"
"चुकून? माझ्याकडून? शुद्धीवर आहेस ना!"
मग सुरी खाली ठेवली. "तुझा टॅमकाका ड्रायसडेलच्या खाणीत होता. छातीत धूळ साचून गेला. साहेबाचा निरोप आला — सिगरेटी कमी ओढायला हव्या होत्या. टॅमनं जन्मात सिगरेट ओढली नाही गं! वर्षभरात साहेबाला आपण बांधून दिलेल्या वाचनालयाच्या दारावर स्वतःचं तोंड हवं झालं. म्हटलं, घे."
बाबांनी सुरी पुन्हा उचलली.
"आधी काय पडलं?"
"नाक."
"मला वाटलं होतं कान. खा, सूप गार होतंय."
टॅमकाकाचा एकच फोटो आहे घरात, त्यात तो हसतोय. घरी येऊन रडले.

११ मार्च
ओगिल्वीबाईंना सांगितलं, कोरणाऱ्याचं नाव सापडत नाही. त्यांनी खांदे उडवले. म्हणाल्या, "नवं तोंड हुबेहूब हवं. साहेबांचे नातू स्वतः बघायला येणार आहेत. आजोबा फार दयाळू होते म्हणे, ते चेहऱ्यावर दिसू द्या."

१८ मार्च
नवा दगड आला. लाल, सुरेख. थर आडवे धरून ठेवला, खडूनं वरच्या बाजूची खूण केली. बाबांचा फोन — "कोट आला धुऊन." दगडाबद्दल चकार शब्द नाही.

१९ मार्च
सकाळी खूण पुसली. थर उभे येतील असा दगड फिरवला. नाकापासून सुरुवात केली.