अप्पांच्या नावचे रक्त

सोमवार, ता. ८ जुलै १९७४

दुखते छातीत, मग डॉक्टर सुई दंडात का टोचतात? हे कोडे आज माझ्या सासूबाईंनी, अव्वांनी, घातले. प्रश्न उत्तम! बी.एस्सी. होऊन या घरात आल्याचे आज प्रथमच सार्थक झाले.

सासऱ्यांना, अप्पांना, दुकानाच्या पायऱ्या चढताना धाप लागते आणि छाती आवळल्यासारखी होते. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले आहे. मी पाटी घेऊन बसले. फुप्फुस म्हणजे गोदाम. रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे हमाल. गोदामातून प्राणवायूचे गठ्ठे उचलून ते अंगभर पोचवतात. हृदय त्यांना पुढे ढकलते. जे हमाल छातीतून निघतात तेच पळभरात दंडातून जातात; म्हणून तिथे गाठून त्यांची मोजदाद करता येते. हमाल कमी पडले तर त्यांनाच जास्त खेपा, हृदयाला जास्त पळापळ आणि माणसाला धाप!

अप्पा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आणि मुकादम कोण?"

बुधवार, ता. १० जुलै

अप्पांचे रक्त दिले गेले. दुपारी जेवायला आले तेव्हा विचारले, दुखले का? "छे! कळलंसुद्धा नाही." धैर्य असावे तर असे!

शुक्रवार, ता. १२ जुलै

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन आठ, पुरुषाला तेरा तरी हवे. इओसिनोफिल अडतीस टक्के! या पांढऱ्या पेशी सहाच्या आत असाव्यात. धूळ, जंत, दमा यांनी वाढतात. कोलेस्टेरॉल, म्हणजे रक्तवाहिन्यांत थर धरणारी चरबी, मात्र विशीतल्या पोराला शोभेल इतके कमी. साठीच्या वयात, रोज तूप खाऊन! निसर्गाची लीला.

लोहाच्या गोळ्या, इओसिनोफिलच्या गोळ्या. शिवाय अव्वांचे खारीक-गूळ-शेंगदाण्याचे लाडू, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन.

मंगळवार, ता. ६ ऑगस्ट

अप्पांचा कोट पोटावर बसेना. धाप मात्र होती तशीच. आता त्यांनी मधल्या पायरीवर उशी ठेवायला लावली आहे. तिथे बसतात, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलतात आणि मग उरलेल्या पायऱ्या चढतात.

शुक्रवार, ता. ९ ऑगस्ट

पुन्हा तपासणी. हिमोग्लोबिन आठच! इओसिनोफिल चाळीस! हे शास्त्राला धरून नाही. महिनाभर लोह घेतलेले रक्त इतके हट्टी असूच शकत नाही. पद्धतशीर विचार केला. गोळीबरोबर चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही हे खरे. अप्पांचा चहा बंद केला. "ब्याड, ब्याड!" म्हणजे नको, नको, म्हणून त्यांनी कानडीतून आकांत मांडला. मी डगमगले नाही.

शनिवार, ता. १० ऑगस्ट

नव्या पेठेत दुकानी डबा पोचवायला गेले होते. रामहरी, दुकानातला जुना माणूस, माळ्यावरून चादरी काढत होता. खोकत होता. बाही वर सरकली, तर कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा!

"रामहरी, हे काय?"

"मालकांचं रगत दिलं की, वैनी. काल. मागल्या बारीला पन मीच गेलतो."

"तू?"

"त्यांनी नाव इचारलं, मालकांचं सांगितलं. वय पन मालकांचंच. हात तेवढा माजा."

मी गादीवर बसलेल्या अप्पांकडे पाहिले. ते शांतपणे म्हणाले, "मयताला माझ्या वतीनं तोच जातो. लग्नात अक्षता तोच टाकतो. सिद्धेश्वराला नारळ तोच फोडतो, देवाला चालतं. मग रक्त तेवढं कसं चालत नाही?"

मी पायरीवरच्या उशीवर बसले. म्हणजे कोलेस्टेरॉल रामहरीचे, लाडू अप्पांना!

"तुला दम लागतो का रे?" मी रामहरीला विचारले.

"लई लागतुया. मला वाटलं, मालकांची कामं करून करून मालकांचाच दम लागला आसंल."

घरी अव्वांना सांगितले. "अय्य शिवने! जन्मभर कापडात बसला आणि सुईला भिता?"  अप्पांनी रागाने निकाल दिला: "माझ्या नावचं रक्त त्याच्या अंगात हाय ना? मग माझ्या नावचं औषध पण त्यालाच द्या!"

तर्क वेडा, निष्कर्ष मात्र बिनचूक. डॉक्टरांना खरे सांगितले; त्यांनी रामहरीला तपासून त्याच गोळ्या लिहून दिल्या. लाडूही रामहरीलाच म्हटल्यावर मात्र अप्पा थोडे अडखळले.

रविवार, ता. ११ ऑगस्ट

अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. चहा पुन्हा सुरू केला.

शुक्रवार, ता. २० सप्टेंबर

रामहरीची तपासणी. हिमोग्लोबिन साडेअकरा, इओसिनोफिल सात! खोकला थांबला. काय सुंदर आकडे! नाव मात्र अप्पांनी स्वतःचेच घालायला लावले होते, मागच्या कागदांशी जुळावे म्हणून.

अप्पांनी पेठेत पेढे वाटले. "बरा झालो!"

"अप्पा, बरा रामहरी झाला. तुमचे रक्त अजून कोणी पाहिलेलेच नाही."

"समजलं मला. पण हा कागद बघ की."

एवढे बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावे लागले. ओठ मला किंचित निळसर वाटले. यांना म्हटले, तर म्हणतात, "अप्पांना कोण सांगणार?" मला भीती वाटते.

सोमवार, ता. २३ सप्टेंबर

आज आगपेटी घेऊन दुकानात गेले. श्वासनळ्या मोकळ्या असतील तर उघड्या तोंडाच्या नुसत्या श्वासाने काडी विझते, नाहीतर नाही. रीत सोपी, कोणीही करून पाहावी. पेटती काडी दुसऱ्याने धरायची, तोंडापासून सहा इंचांवर. तोंड मोठ्ठे उघडे ठेवायचे, ओठांचा चंबू मुळीच करायचा नाही, आणि खोल श्वास घेऊन जोराने सोडायचा. पहिली काडी विझली, पण ती अप्पांच्या मागे उभ्या असलेल्या रामहरीने फुंकली, सवयीने! त्याला रस्त्यापलीकडे उभे केले. दुसरी काडी. अप्पांनी सारा जोर लावला. ज्योत जराशी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. तिसरीही तशीच, माझ्या बोटाला चटका बसला. अप्पांनी ती काळी काडी माझ्या हातातून काढून घेतली. मग त्यांनी रामहरीला हाक मारली, "ये, गादीवर बस," आणि सदऱ्याची बाही कोपरापर्यंत दुमडून पायऱ्या उतरू लागले.