सहाशे तासांची सही

३ जून

आणखी एक नकार! तेविसावा. फोनवरची मुलगी म्हणाली, "आमचे डॉक्टर नर्सना शिकवत नाहीत." शिकवत नाहीत म्हणे! सत्तावीस वर्षं वॉर्डात त्यांच्यासारख्यांनी चुकीच्या लिहिलेल्या गोळ्या मी फोन करकरून दुरुस्त करून घेतल्या, तेव्हा कोण कोणाला शिकवत होतं?

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं थंड होईल.

वर्गातला अभ्यास संपला. दीड वर्ष, घरबसल्या, कॉम्प्युटरसमोर. डोळ्यांची पार वाट लागली, पण पास! बावन्नाव्या वर्षी! आता उरले सहाशे तास. मनाच्या आजारावर औषध लिहून देणाऱ्या कुणाच्या तरी शेजारी बसायचं, खरे पेशंट बघायचे, आणि शेवटी त्या माणसाची फॉर्मवर सही घ्यायची. मग परीक्षा. मग मी स्वतः तपासणार, स्वतः औषध लिहिणार.

आणि ते माणूस शोधायचं कुणी? मीच! कॉलेजची बाई गोड आवाजात म्हणते, "विद्यार्थ्यांनी आपलं आपण बघायचं असतं." म्हणजे स्वयंपाकाच्या क्लासची फी भरायची आणि चूल शेजारणीकडून मागून आणायची. बारा ऑगस्टपर्यंत नाव कळवलं नाही तर माझी जागा गेली. दीड वर्ष पाण्यात.

५ जून

एस्टिल परत आला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मनोरुग्णांच्या वॉर्डात. बाराव्यांदा. तेच बूट, तीच फाटकी टोपी. महिन्याभरापूर्वी मीच त्याला दारापर्यंत सोडलं होतं, हातात तीस दिवसांच्या गोळ्या देऊन. एकतिसाव्या दिवसाचं काय? या डोंगरात त्या पुन्हा लिहून देणारं कुणी नाही. दोन तासांवर एक डॉक्टर आहे, त्याच्याकडे तीन महिन्यांची रांग. तोवर आवाज परत सुरू होतात त्याच्या डोक्यात.

म्हणून तर हे सगळं करतेय मी. हौस नाही आली.

दुपारी त्याने खुर्ची फेकली. पट्टे बांधावे लागले. दोन्ही मनगटं, दोन्ही घोटे. "झालं हं सोन्या, झालं," म्हणत बांधते मी नेहमी. तेवढंच बरं वाटतं माणसाला.

११ जून

आज नकार नाही. कुणी फोनच उचलला नाही.

१९ जून

डॉक्टर व्हिट राउंडला आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रोडाबाई, आता गोळ्यापण तुम्हीच लिहिणार? मग आम्ही काय घरी बसायचं?"

म्हटलं, "बसा की! तसेही आठवड्यातून एकदाच उगवता."

पोरी खाली माना घालून हसल्या. ते नाही हसले. त्यांच्याकडून सही मिळायची शक्यता तिथेच संपली. संपू दे!

८ जुलै

एक्केचाळीस नकार. डोएलने फ्रिजवर खडूने रेघा मारायला सुरुवात केलीय. खाण बंद झाल्यापासून घरात तोच रांधतो. आज घेवडा आणि मक्याचा पाव.

"काय गं, आजचा भाव काय?"

"तीन."

तीन रेघा ओढल्या आणि ताट पुढे केलं. "पन्नास झाले की केक करतो," म्हणाला. माझा नवरा!

३० जुलै

सत्तेचाळिसावा फोन. डोंगरापलीकडे जुन्या पोस्टाच्या इमारतीत एक बाई एकटीच दवाखाना चालवते. इमोजीन नेपियर. डॉक्टर नाही, नर्सच, पण हे सगळं शिकून औषधं लिहिणारी झालेली. फोन तिनेच उचलला. दुसऱ्याच वाक्याला, "जागा नाही."

माझा संयम सुटला. म्हटलं, "अगं सोन्या, जागा कोण मागतंय? उभी राहीन मी!"

मला वाटलं, फोन ठेवला तिने.

मग म्हणाली, "कुठल्या इस्पितळात आहात?" सांगितलं. "कुठला मजला?" तिसरा. "कधीपासून?" सत्त्याण्णवपासून. "बोला अजून." आता काय बोलू? "काहीही. बोलत राहा."

मग काय, बोलत सुटले. घेवडा, डोएलचे गुडघे, फ्रिजवरच्या रेघा, येड्यासारखं! शेवटी ती म्हणाली, "एकोणीस ऑगस्ट. सकाळी आठ. उशीर चालणार नाही."

अनुभवाला किंमत आहे म्हणायची जगात! डोएलने पन्नासची वाट न बघता सफरचंदाचा केक केला. थरांचा, आई करायची तसा.

१९ ऑगस्ट

पहिला दिवस. इमोजीन माझ्याहून पाच वर्षांनी लहान. शिडशिडीत, केस आखूड, चेहऱ्यावर हसू नाही. तिने कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. "पहिले नव्वद तास तोंड उघडायचं नाही."

मी! तोंड न उघडता! वॉर्डात माझा आवाज पार्किंगपर्यंत जातो.

दर पेशंटला आधी विचारते, "तुम्हाला काय म्हणू?" मग माझ्याकडे बोट दाखवून, "या इथे बसलेल्या चालतील का?" आणि खरंच थांबते, उत्तराची वाट बघत. एका बाईच्या उत्तराला मिनिटभर तरी लागलं असेल. असं करत राहिलं तर दिवसाला पंधरा पेशंट कसे व्हायचे?

झाले. सोळा झाले. कसे ते कळलं नाही.

१७ सप्टेंबर

तोंड उघडायची परवानगी मिळाली आणि पहिल्याच दिवशी खाल्ली बोलणी.

शाळेच्या बसची ड्रायव्हर आलेली. तीन आठवडे झोप नाही, रडू थांबत नव्हतं. मी तिचा हात धरला. "होईल हं सोन्या, सगळं नीट होईल." ती गेल्यावर इमोजीनने दार लावलं.

"त्या बाईला नाव आहे. फाइलवर लिहिलंय. इथे कुणाला सोन्या-बिन्या म्हणायचं नाही."

"अहो, प्रेमाने म्हणते मी!"

"प्रेम आहे हे तुम्ही ठरवलंत. तिला विचारलंत?"

घरी येऊन डोएलला सांगितलं, बाई नाही, बर्फाची लादी आहे ती! तो म्हणाला, "किती तास झाले?" शंभर. "मग गप्प बस आणि जेव."

१० ऑक्टोबर

चार महिन्यांनी एस्टिल आज वॉर्डातून सुटला. त्याला मीच इथली तारीख मिळवून दिली. डोएल त्याला आपल्या गाडीतून डोंगर ओलांडून घेऊन आला. एवढी खटपट केली! मला कोपऱ्यात बघून एस्टिल दारातच थांबला. "पट्टे आणलेत का, रोडाबाई?" हसत म्हणाला. मीही हसले. इमोजीन नाही हसली.

मग तिचा नेहमीचा प्रश्न. या बसलेल्या चालतील का? तो बुटांकडे बघत राहिला.

"आज नको."

आज नको!! बाहेर बाकावर बसले मी, पाऊण तास, डोएलशेजारी. बारा वेळा मी त्या माणसाच्या ताटातले मटार वेचून बाजूला काढलेत, त्याला आवडत नाहीत म्हणून! आणि आज नको! डोएलने थर्मास पुढे केला. रडायला येत होतं. नाही रडले.

१४ नोव्हेंबर

आज फाटलं.

संध्याकाळी पेशंट संपल्यावर ती म्हणाली, "आजवर ज्यांना ज्यांना तुम्ही पट्टे बांधलेत, त्यांची नावं लिहून आणा. आठवतील तेवढी."

म्हटलं, "हे कॉलेजच्या फॉर्ममध्ये नाही."

"माझ्या फॉर्ममध्ये आहे."

मग मी भडकले. म्हटलं, दोन-दोन नर्स, तीस-तीस पेशंट, कधी बघितलंयत तुम्ही तिसऱ्या मजल्यावरचं काम? माणूस स्वतःचं डोकं भिंतीवर आपटत असतो तेव्हा काय नाव विचारत बसू? सही नको तुमची. चालले मी!

"जा," म्हणाली. आवाज चढला नाही, काही नाही. "तीनशे बारा तास झालेत. उरलेले कुठे करणार?"

दारापर्यंत गेले. कोटाची बटणं लावली. फ्रिजवरच्या रेघा डोळ्यांसमोर आल्या. आणि एस्टिल. पस्तीस दिवस झाले, वॉर्डात आलेला नाही. आजवर कधी असं झालं नव्हतं.

बटणं काढली.

१७ नोव्हेंबर

घे! लिहिली यादी. रागारागाने एका बैठकीत, जेवणाच्या टेबलावर. एकोणीस नावं. माझी स्मरणशक्ती काय समजतेस?

नंतर परत वाचली. सगळी परत परत येणारी माणसं आहेत. एकदाच आलेलं एकही नाही. आणि माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांतलं एकही नाव नाही. तेव्हा बांधायचोच नाही का आम्ही? छे, उलट तेव्हाच जास्त. मी पंचवीसची होते, सगळ्यांत जोराचे हात माझे. मलाच बोलवायचे.



१८ नोव्हेंबर

यादी दिली. तिने वरपासून खालपर्यंत वाचली. मग परत एकदा, सावकाश. खणात ठेवून दिली. "ठीक आहे," एवढंच.

मी तरी काय अपेक्षा करत होते? शाबासकी?

१६ जानेवारी

एस्टिलने आज बसू दिलं मला! अठ्ठ्याण्णव दिवस वॉर्डाबाहेर आहे. मी विचारलं, "तुम्हाला काय म्हणू?" इतकी वर्षं ओळखते, कधी विचारलं नव्हतं.

विचार करून म्हणाला, "मिस्टर कॉडिल म्हणा. कुणीच म्हणत नाही."

"बरं, मिस्टर कॉडिल. झोप कशी आहे?"

ताठ बसून सगळं सांगितलं. गोळीने तोंड कोरडं पडतं, हेसुद्धा. बारा खेपांत हे मला ठाऊक नव्हतं! अर्ध्या गोळ्या तो म्हणूनच फेकून द्यायचा. मी डोस बदलायचं सुचवलं, इमोजीनने होकारार्थी मान डोलावली. पहिल्यांदाच.

९ फेब्रुवारी

वॉर्डात शनिवार-रविवार माझेच असतात. आज एक नवी पोरगी आली, एकोणीस-वीसची, लाथा झाडत, थुंकत. सगळ्यांनी मला हाक मारली. डॉक्टर व्हिट ओरडले, "पट्टे!"

मी खोलीत जमिनीवर बसले. तिच्यापासून चार हात लांब. माझं नाव सांगितलं. तिचं विचारलं. उत्तर नाही. बसून राहिले. पाय आखडले, कंबर गेली. दोन तासांनी तिने सांगितलं. मॅरिबेथ. मग पाणी प्याली.

डॉक्टर बाहेर लालबुंद. "मी तक्रार लिहिणार आहे!"

"लिहा ना. नाव नीट लिहा. रोडा साइझमोर. साइझमोरमध्ये चुकतात लोक."

कामावरून काढतील? काढू देत! ती पोरगी संध्याकाळी आपल्या हाताने जेवली.

२८ फेब्रुवारी

पाचशे अठ्ठ्याण्णव. तक्रारीचं काही झालं नाही. पुढच्या भेटीत सही. डोएल म्हणतो फ्रिज पुसू का? म्हटलं, हात तर लावून बघ.

४ मार्च

सहाशे पूर्ण. इमोजीनने बंद पाकीट हातात दिलं. "घरी जाऊन उघडा." मला कुठला धीर, गाडीतच उघडलं.

फॉर्म आहे. सही आहे, निळ्या शाईत. त्याच्याखाली माझी यादी. एकोणीस नावं होती. आता वीस आहेत. विसावं तिच्या अक्षरात, त्याच शाईत—

"इमोजीन टॅकेट. लग्नाआधीचं नाव. तिसरा मजला, मार्च १९९८. वय वीस. 'झालं हं सोन्या, झालं.' फोनवर आवाज लगेच ओळखला."

गाडी तिच्या दारातच उभी आहे. आत दिवा आहे. मला ती आठवत नाही. कितीही आठवलं तरी आठवत नाही.