हातमोजे घातलेली बाई

सेलू,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय अश्विन,
सप्रेम जय भीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. इकडे सगळं ठीक आहे. कापसाची वेचणी सुरू झाली, आईचा गुडघा बरा आहे. बाबा घरी आले हे तिनं तुला कळवलंच असेल. सकाळी काठी घेऊन विहारापर्यंत जाऊन येतात, चहात साखर जास्त मागतात. घशात नळी होती म्हणून आवाज अजून घोगरा आहे, बाकी बरे आहेत. रायपूरला थंडी पडली का? लहानीचा खोकला थांबला का?

तू आयसीयूच्या काचेबाहेर उभा होतास, तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. बाबा कोपऱ्यातल्या खोलीत एकटे, दारावर लाल पाटी, आणि ड्यूटीवर मी गाऊन, मास्क, हातमोजे घालून त्यांना औषध देत होते. बाहेर आले तर तू म्हणालास, "आपल्या बापाले अस्पृश्य केलं तू, ताई." आणि सरळ स्टेशन गाठलंस. काय झालं ते सांगते.

बाबांचा न्यूमोनिया उतरत होता, व्हेंटिलेटर निघाला होता. तेवढ्यात कफाच्या तपासणीत असा जंतू सापडला की बहुतेक औषधं त्याच्यावर चालत नाहीत. तो इतरांना लागू नये म्हणून त्यांना वेगळं ठेवलं. असले जंतू लोक घरून आणत नाहीत रे. ते दवाखान्यातच लागतात, आणि पुष्कळदा आमच्याच हातांनी एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जातात. माणसं कमी म्हणून आमच्या इन्चार्ज पंचफुला सिस्टरनी बाबांना माझ्याकडेच दिलं होतं. म्हणजे त्या हातांत माझेही हात आले. मी हात धुते, नेहमी धुते. पण धावपळीत एखाद्या वेळी राहिलंच नसेल, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

बाबांच्या काचेपलीकडच्या बेडवर जाम गावची मयुरी होती. बाळंतपणानंतर तिच्या रक्तात जंतू पसरले होते, अंगात काही उरलं नव्हतं. त्यात हा दुसरा लागला असता तर ती वाचणं कठीण होतं. तिची आई शोभाबाई बाहेर बाकावर बाळ घेऊन बसलेली असायची. येताजाता माझ्याकडे बघायची. तू फक्त आपल्या बाबांची खोली पाहिलीस. पाहणारच. तुझं काय चुकलं, तेही मला सांगता येत नाही.

एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही.

तू गेलास आणि बाबांना भ्रम झाला. आयसीयूत म्हाताऱ्या माणसांना होतो तसा. दिवस कोणता, जागा कोणती, काही कळत नाही. दुपारी मी पाणी घेऊन आत गेले. ते आधी माझ्या गाऊनकडे बघत राहिले, मग हातमोज्यांकडे. मग उठून बसले आणि दोन्ही हातांची ओंजळ माझ्यापुढे धरली.

"वरून टाका बाई," म्हणाले. "मी भांड्याले हात नाई लावत."

लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांना असं पाणी मिळायचं, हे आपण दोघांनी ऐकलंय. पाहिलं नव्हतं. एसटीत कंडक्टर म्हणून ज्यांनी गावोगावच्या लोकांच्या हातात तिकीट ठेवलं, ते आपले बाबा स्वतःच्या मुलीपुढे ओंजळ धरून बसले होते.

मी म्हटलं, "बाबा, मी रोशनी हाय." त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. वाटलं, काढून टाकावेत हातमोजे, मास्क खाली ओढावा. एक बोट सोडवलंही होतं. पण काचेतून मयुरी दिसत होती, तिचं पुढचं इंजेक्शन मलाच द्यायचं होतं. मी बोट परत आत घातलं. त्यांची ओंजळ हळूच खाली केली, मानेखाली हात दिला आणि चमच्यानं पाणी पाजलं. तेवढा वेळ ते अंग चोरून बसले होते, त्यांचा हात मला लागू नये म्हणून.

पंचफुला सिस्टर म्हणाल्या, बरोबर केलंस. ते ऐकून मला अजूनच काही समजेनासं झालं. मयुरी बाळाला घेऊन घरी गेली, तिला तो जंतू लागला नाही. माझ्यामुळे लागला नाही की लागणारच नव्हता, हे कोण सांगणार?

परवा बाबांनी मला अंगणात जवळ बसवून घेतलं. म्हणाले, "तिथं एक बाई होती, तोंड झाकून राहे. मी तिले भेऊन होतो. तं तिनं माह्या मानेखाली हात देल्ला अन् पाणी पाजलं. आपल्यातली नसन ती, तरी हात लावला. नाव काय तिचं?"

मी म्हटलं, "इचारून सांगीन."

किती वर्षांनी त्यांचा चेहरा असा निवांत दिसला. खरं सांगावं, तर ती ओंजळ पोरीपुढे धरली होती हे त्यांना कळेल. न सांगावं, तर रोज संध्याकाळी विचारतात, नाव समजलं का. तिला भेटायला दवाखान्यात घेऊन चल म्हणतात.

तू एकदा येजो. भांडायचं असेल तर माझ्याशी भांड. तिचं नाव खाली लिहिते आहे, बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव.

तुझी ताई,
रोशनी